समान वर्गणी, असमान वापर: सामायिक इंटरनेटवर मर्यादा घालावी का?

मुक्कामपोस्ट

कोथरूडमधल्या भाड्याच्या घरात आम्ही चौघे मित्र राहतो. १०० एमबीपीएसचे फायबर कनेक्शन माझ्या नावावर आहे आणि त्याचे बिल, १८ टक्के जीएसटी धरून, दरमहा चार समान भागांत वाटले जाते. दोघे घरून नोकरी करतात, मी स्पर्धा परीक्षेचे ऑनलाइन वर्ग करतो, आणि चौथा मित्र व्हिडिओ संकलनाची कामे घेतो व रात्री गेम खेळतो.

मागच्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता आमच्यापैकी एकाची नव्या नोकरीसाठी मुलाखत होती. पहिल्याच उत्तराला त्याचा आवाज तुटू लागला, चित्र गोठले, आणि तो लॅपटॉप हातावर तोलत हॉलमध्ये चपलांच्या रॅकवर ठेवलेल्या राऊटरपाशी जाऊन उभा राहिला. मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून पुन्हा जोडले जाईपर्यंत सात मिनिटे गेली. त्या वेळी आतल्या खोलीतून सुमारे ४० जीबीची फाइल क्लाउडवर चढत होती.

माझे मत स्पष्ट आहे. गच्चीवरच्या टाकीतले पाणी एकानेच उपसायला घेतले, तर आपण नळ बंद करतो. इथेही तेच करावे. राऊटरमध्ये प्रत्येकाला २५ एमबीपीएसची मर्यादा घालावी, म्हणजे पैसे समान आणि वाटाही समान. यावर आपली मते हवी आहेत.

उत्तररात्र

टाकीची उपमा इथे लागू पडत नाही. टाकीतले पाणी आज वाचवले, तर उद्या वापरता येते. इंटरनेटचा वेग साठवता येत नाही, या क्षणी कोणी वापरला नाही तर तो वायाच जातो. १०० जीबीचा गेम १०० एमबीपीएसने उतरवायला साधारण सव्वादोन तास लागतात, कारण वेग बिटमध्ये मोजतात आणि फाइल बाइटमध्ये, आणि एक बाइट म्हणजे आठ बिट. आपल्या मर्यादेने त्याच कामाला नऊ तास लागतील. रात्री दोन वाजता तिघे झोपलेले असताना त्याला नऊ तास ताटकळत ठेवून बाकीच्यांच्या पदरात काय पडले?

शिवाय मुलाखतीच्या व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. फोर-के चित्रपटासाठीसुद्धा नेटफ्लिक्स १५ एमबीपीएसच मागते. म्हणजे तुमच्या घरात वेग कमी नाही, वेळेचे भान कमी आहे. मर्यादा कायमची नको. कामाच्या वेळेत मोठ्या फाइल चढवायच्या-उतरवायच्या नाहीत, एवढा एक नियम पुरेसा आहे.

वर्गणीदार

उत्तररात्र यांचे गणित बरोबर आहे, पण निष्कर्ष मला मान्य नाही. ‘वेळेचे भान’ हा शब्द ऐकायला चांगला वाटतो. प्रत्यक्षात ते भान दर वेळी त्रास सोसणाऱ्यालाच आणून द्यावे लागते. त्याने दार वाजवायचे, विनंती करायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ज्याच्यामुळे अडचण होते, त्याच्यावर मात्र काहीच बंधन नाही.

मला यात पैशाचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. इथे चौथे गृहस्थ घरच्या कनेक्शनवर व्यवसाय करतात. त्यांना जादा वेग लागत असेल, तर वरचा प्लॅन घ्यावा आणि फरकाची रक्कम त्यांनी भरावी, किंवा आपल्या खोलीत स्वतंत्र कनेक्शन घ्यावे. वापरलेल्या जीबीनुसार बिल वाटण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. बिल ठरावीक असते, वापराने वाढत नाही. आणि ज्या प्लॅनना ‘अमर्याद’ म्हणतात, त्यांतल्या अनेकांची खरी मासिक मर्यादा ३३०० जीबीच्या आसपास असते. तिथवर तुम्ही चौघे मिळून पोहोचत नसाल, तर जीबी मोजून भांडण्याला अर्थ नाही.

तारजोडणी

दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचले. वाद ज्या गोष्टीवर चालला आहे, ती गोष्टच थोडी वेगळी आहे, असे मला वाटते. मुलाखतीचा आवाज तुटला तो वेग संपला म्हणून नव्हे, रांग लांबली म्हणून.

व्हिडिओ कॉलमध्ये आवाजाचे साधारण २० मिलिसेकंदांचे लहान लहान तुकडे सतत बाहेर पाठवले जातात. त्याच वेळी मोठी फाइल चढत असेल, तर राऊटर तिचे तुकडे आपल्या स्मृतीत साठवत जातो आणि आवाजाचा तुकडा त्या सगळ्यांच्या मागे उभा राहतो. एसटी स्टँडच्या एकमेव खिडकीवर एक जण पन्नास तिकिटांची यादी घेऊन उभा असला आणि त्याच्या मागे एकच तिकीट हवे असलेल्या आजी असल्या, तर खिडकी कितीही झपाट्याने चालो, आजींची गाडी चुकते. अमेरिकन अभियंते जिम गेटिस यांना २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरीच हा दोष जाणवला, आणि त्याला त्यांनी ‘बफरब्लोट’ असे नाव दिले. त्यावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये रांग लांबू न देणारी ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. तिला प्रत्येक संभाषणाच्या वेगळ्या रांगेची जोड देणारी ‘एफक्यू-कोडेल’ २०१८ मध्ये आरएफसी ८२९० या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. या पद्धतीत पन्नास तिकिटेवाल्यालाही तिकिटे मिळतात, पण आजींना त्याच्या मागे थांबावे लागत नाही.

ही सोय राऊटरमध्ये ‘एसक्यूएम’ (स्मार्ट क्यू मॅनेजमेंट, म्हणजे रांगेचे नियोजन) नावाने असते. आधी चढता आणि उतरता वेग मोजावा आणि त्याच्या ८५ ते ९० टक्के आकडा तिथे भरावा, म्हणजे रांग कंपनीच्या यंत्रात न साचता आपल्या राऊटरच्या ताब्यात राहते. कंपनीने दिलेल्या बऱ्याच राऊटरमध्ये ही सोय नसते. तिथे ओपनडब्ल्यूआरटी ही राऊटरसाठीची मुक्त प्रणाली चालणारा दुसरा राऊटर लावावा लागतो. संकलन करणाऱ्या मित्राचा संगणक लॅन केबलने जोडा, म्हणजे वायफायची हवाही मोकळी होईल. उपकरणागणिक मर्यादा घालण्याचे एक दुबळेपण मात्र लक्षात ठेवा: अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला मूळ मॅक पत्ता (नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचा क्रमांक) न देता बदललेला पत्ता देऊ शकतात, त्यामुळे त्या पत्त्यावर बांधलेला नियम सहज निसटतो.

संकलिका

या धाग्यात ज्यांच्याविषयी सगळे बोलत आहेत, त्यांच्या जागी मी स्वतः होते, म्हणून लिहिते आहे.

मी लग्नाच्या चित्रफितींचे संकलन करते. पूर्वी आम्ही चौघी एका घरात राहत होतो, आणि तिथे मला न सांगता माझ्या संगणकावर मर्यादा घातली गेली. तीन आठवडे मी कंपनीकडे तक्रारी करत राहिले, त्यांचा माणूस दोनदा येऊन तार तपासून गेला, आणि एका ग्राहकाला ठरलेल्या दिवशी फाइल देता आली नाही. खरे कारण कळले, तेव्हा मला मर्यादेचे वाईट वाटले नाही. रोज एका ताटात जेवणाऱ्या मैत्रिणी तीन आठवडे माझी धावपळ पाहत गप्प राहिल्या, याचे वाटले. माझ्या अपलोडमुळे त्यांचे कॉल तुटतात, हे मला खरोखर ठाऊक नव्हते, कारण माझ्या खोलीत सगळे सुरळीत चालत असे.

अपलोडचा वेग संगणकावरच्या सॉफ्टवेअरमधूनही कमी करता येतो. ते काम मी नंतर स्वतःच केले आणि मोठ्या फाइल रात्री अकरानंतर चढवू लागले. मर्यादा घालायची असेल तर जरूर घाला, पण समोर बसून घाला.

मुक्कामपोस्ट

संकलिका, आपला अनुभव वाचून वाईट वाटले. मात्र आमच्याकडे गोष्ट निराळी आहे. आम्ही त्याला तीनदा सांगितले होते, आणि तिन्ही वेळा ‘फक्त आजचा दिवस’ असे उत्तर मिळाले.

तारजोडणी यांच्या सांगण्यावरून शनिवारी चौघांना हॉलमध्ये बसवून मोजणी केली. लाइन रिकामी असताना पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, ९ मिलिसेकंद होता; त्याने फाइल चढवायला घेताच तो ७४० वर गेला. हा आकडा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग एका मित्राचा जुना राऊटर आणून त्यात एसक्यूएम सुरू केले, दोन्ही दिशांना ८५ चा आकडा भरला, आणि तीच फाइल चढत असताना पिंग ३० च्या आत राहिला. २५ एमबीपीएसचा माझा आग्रह मी मागे घेतो.

वर्गणीदार यांचा मुद्दा मात्र मला पटतो. तो राऊटर परत द्यायचा आहे, आणि नव्याचा खर्च चौघांनी का उचलावा? त्याच्या व्यवसायामुळे गरज निर्माण झाली, तर अर्धा तरी त्याने द्यावा, असे मी त्याला सांगितले आहे. लॅन केबल त्याने स्वतःच्या पैशाने आणली, राऊटरवर अजून हो म्हटलेले नाही.

उत्तररात्र

मला हे पटत नाही. रांगेचा दोष राऊटरचा होता. उद्या तुमच्यापैकी कोणाच्याही फोनमधले फोटो एकदम क्लाउडवर चढू लागले, तरी कॉल तसेच तुटतील. उपाय सगळ्यांच्या उपयोगाचा आहे, तर खर्चही चौघांचा असावा. त्याच्याकडून अर्धी रक्कम घ्यायचीच असेल, तर घर सोडताना राऊटर कोणाकडे जाईल, हे आजच लिहून ठेवा, आणि राऊटरचा पासवर्ड फक्त कनेक्शनधारकाकडे न ठेवता चौघांनाही द्या.

वर्गणीदार

पासवर्ड चौघांना देण्यास माझा विरोध आहे. कनेक्शन ज्याच्या नावावर आहे, त्याच्याकडेच उद्या विचारणा होईल. सेटिंग काय आहे, हे सर्वांना पाहता यावे, एवढे पुरे आहे.