थर्मोस्टॅटच्या आधी इम्पेलरची पाती मोजा

मांडव्याहून खांदेरीकडे जाताना बोटीचं इंजिन तापतं, असं इथे एकाने विचारलंय. म्हणजे थर्मोस्टॅटच (तापमानानुसार इंजिनात थंड पाणी सोडणारी झडप) गेला, हे त्याला मिळालेलं उत्तर मला घाईचं वाटतं. आपलं पाणी गढूळ, त्यात प्लास्टिक. एखादी पिशवी इनटेकला (इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या तोंडाला) चिकटली की पंप कोरडा फिरतो आणि रबरी इम्पेलरची (पंपातल्या पाणी ढकलणाऱ्या चक्राची) पाती बघता बघता जातात. स्ट्रेनर (पाण्यातला कचरा अडवणारी गाळणी) साफ ठेवा असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, ते बरोबरच आहे.

पण तुटलेली पाती जातात कुठे? माझ्या बोटीत नवा इम्पेलर बसवूनही तापमानाचा काटा चढतच होता. दोन रविवार डोकं खाजवल्यावर हीट एक्स्चेंजरचं (समुद्राच्या पाण्याने इंजिनमधलं पाणी थंड करणाऱ्या नळ्यांच्या पेटीचं) झाकण उघडलं, तर नळ्यांच्या तोंडाशी रबराचे तीन तुकडे! (मेकॅनिक तोवर नवा पंप घ्या म्हणून मागे लागला होता.) आता जुना इम्पेलर काढला की आधी पाती मोजतो. कमी भरली तर तुकडे सापडेपर्यंत चावी फिरवत नाही. झाकण उघडलंच आहे तर आतला झिंकही (बाकीचा धातू गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) बघून घ्या, निम्मा झिजला असेल तर बदला. हे सगळं निघण्याआधीच करा, कारण उधाणाच्या ओढीत थळसमोर जाळ्यांच्या बोयांमध्ये इंजिन बंद करावं लागलं, तर नांगर टाकायलाही जागा शोधावी लागते.