इराण आणि इस्राएल: वैर विचारांचे की हिशेबाचे?

चौलकर
जून २०२५ मधल्या त्या बारा दिवसांच्या इराण-इस्राएल युद्धात अलिबागच्या इस्राएल आळीतल्या आमच्या स्नेह्यांच्या ओटीवर फोन सारखा खणखणत होता, कारण शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ‘शनवार तेल्यां’ची, म्हणजे कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंची, नातवंडे आता इस्राएलमधल्या अश्दोदला राहतात. ज्या इराणने १९५० मध्ये इस्राएलला व्यवहारापुरती मान्यता दिली आणि १९६८ मध्ये एलात ते अश्कलोन तेलवाहिनीत भागीदारी केली, तोच वैरी कसा झाला? माझ्या मते १९७९ च्या क्रांतीमुळे. इराणचे राजे शहा गेले, धर्मगुरू खोमेनी आले आणि इस्राएलची तेहरानमधली वकिलात पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेच्या ताब्यात गेली.

खाडीकाठ
साल बरोबर आहे, कारण अपुरे आहे. १९८० मध्ये सुरू झालेल्या इराण-इराक युद्धात इस्राएलने इराणलाच शस्त्रे पुरवली, आणि तीही खोमेनी गादीवर असताना, कारण इराकचा सत्ताधीश सद्दाम दोघांनाही नको होता. १९९१ मध्ये कुवेतच्या युद्धात इराकचे कंबरडे मोडले, त्याच वर्षी सोव्हिएत संघही विसर्जित झाला, आणि ज्या धाकापोटी हे दोघे एकमेकांना सांभाळून घेत होते तो धाकच उरला नाही. खरे हाडवैर त्यानंतरचे.

चौलकर
मग हिजबुल्ला या लेबनॉनमधल्या सशस्त्र संघटनेचे काय? १९८२ मध्ये इस्राएली फौजा लेबनॉनमध्ये शिरल्यावर इराणच्याच पाठबळाने ती उभी राहिली, आणि तेव्हा सद्दाम चांगला ठणठणीत होता. निव्वळ हिशेब पाहिला असता, तर दारात युद्ध चालू असताना इराणने हा उपद्व्याप केला नसता.

नाखवा
इतके लांब कशाला जायचे? तुळाजी आंग्र्यांना नमवण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या खाडीत एकमेकांना बांधून ठेवलेली आंग्र्यांची गलबते एकाला लागलेल्या आगीत एकत्र जळाली. तिथे कुठला विचार आडवा आला होता?

चौलकर
आंग्रे स्वराज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते, परके राष्ट्र नव्हते. ते घरातले भांडण होते. ही तुलना ओढूनताणून केलेली वाटते.

खाडीकाठ
तुलनेबाबत चौलकरांशी सहमत आहे, आणि हिजबुल्लाचा मुद्दा मला पूर्णपणे खोडता येत नाही. तरीही हिजबुल्ला उभी राहिल्यानंतरच, १९८५ मध्ये, अमेरिकी रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रे इस्राएलमार्फत तेहरानला पोहोचली, याचा उलगडा केवळ विचारसरणीने कसा करणार?