ओहोटीची वेळ बघून न्या

आजी-आजोबांना वाळूत चालवत नाही, त्यांना घरी आराम करू द्या आणि मुलांना घेऊन तुम्ही समुद्रावर जा, हा सल्ला मला अर्धाच पटला. चालवत नाही ते कोरड्या वाळूत. काठी रुतते, पाऊल मागे सरकतं, दहा पावलांत दम लागतो. ओहोटीला पाण्यालगतची ओली वाळू मात्र बऱ्याचदा चांगली घट्ट असते. बाबा दोन दिवस खुर्चीत बसून लांबूनच समुद्र बघत होते. तिसऱ्या दिवशी ओहोटी साधून नेलं, तर नातवाचा हात धरून पार खडकांपर्यंत गेले. (येताना दमला तो नातूच!) फक्त आजची वेळ उद्या धरू नका. भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे सकाळी ७ची ओहोटी आठवड्याभरात भर दुपारच्या उन्हात जाते.

आणि हो, आजी-आजोबा पाणी मागतील म्हणून वाट बघू नका. वयानुसार तहानेची जाणीवच कमी होते. आई दरवेळी ‘नको’ म्हणते, पण भांडं हातात दिलं की रिकामं करते.