बदकांनी अंडी थांबवली तर खुराड्यात दिवा लावावा का?

(चौघांची चर्चा. प्रत्येक मताच्या वर बोलणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पागोळी

भातकापणीच्या सुमारास कोकणातल्या परसांत एकच तक्रार ऐकू येते: बदकं अंडी देईनात. आणि उत्तरही ठरलेलं मिळतं, खुराड्यात बल्ब लावा, १४ तास उजेड भरून काढा. माझा याला विरोध आहे.

हा सल्ला इथला नाही. खाकी कॅम्पबेल ही अंड्यांसाठी पाळतात ती बदकांची जात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडातल्या ग्लुस्टरशायरमध्ये अॅडेल कॅम्पबेल यांनी तयार केली. तिथे डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो, तेव्हा दिवा लागणारच. सिंधुदुर्गात डिसेंबरचा दिवस साधारण ११ तासांचा आणि जूनचा १३ तासांचा. फरक सगळा दोन तासांचा.

इथे अंडी थांबतात ती मुख्यतः पीसगळीमुळे, म्हणजे जुनी पिसं गळून नवी येतात त्यामुळे. सकाळी खुराड्यातला तूस चाळून बघा. नुसता बारीक पिसारा असेल तर विशेष काही नाही, पण पंखांची लांब पिसं पडलेली दिसली की समजा, पीसगळ लागली. पंख उचलून पाहिला तर निळसर नळ्या फुटताना दिसतात, त्यात रक्त असतं. पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. तेवढ्याच खुराकात पक्षी पिसंही घडवणार आणि रोज ६५-७० ग्रॅमचं अंडंही देणार, हे होत नाही. सहा ते दहा आठवडे त्याला अंड्यांपासून मोकळं सोडा. शिंपल्यांची पूड खाण्यात मिसळू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. प्रथिनं मात्र १६-१८ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका. नुसत्या कणी-कोंड्यावर ठेवलेलं बदक पीसगळीतून लवकर बाहेरच येत नाही.

तूसकोंडा

दोन तासांचा फरक किरकोळ वाटतो, पण पक्ष्याला दिवस किती तासांचा आहे यासोबत तो वाढतोय की घटतोय हेही कळतं. उजेड फक्त डोळ्यांतून जात नाही, कवटीतून मेंदूपर्यंत पोचतो आणि तिथून अंडाशयाला इशारा जातो. २१ जूननंतर दिवस घटतच जातात. त्यात आपल्याकडे पाऊसभर खुराड्याला ताडपत्री. बाहेर १३ तासांचा दिवस असला तरी आत दुपारीसुद्धा संध्याकाळ असते. पंचांगातला दिवस आणि बदकाला मिळणारा दिवस एक धरू नका.

दिवा म्हणजे काही छळ नव्हे. पाच बाय आठ फुटांच्या खुराड्याला, म्हणजे दहा बदकांना, ९ वॅटचा पिवळसर एलईडी पुरतो. सहा फुटांवर टांगायचा, पाणी उडणार नाही अशा जागी. उजेड एकदम वाढवायचा नाही. पहिल्या आठवड्यात अर्धा तास, दुसऱ्यात एक तास, असं करत १४ तासांपर्यंत न्यायचं. वाढ पहाटेकडे करायची: दिवा चारला लागेल आणि उजाडल्यावर बंद होईल असा टायमर. रात्री अचानक दिवा गेला की खाकी कॅम्पबेल बिथरतात, एकमेकांवर चढून कोपऱ्यात चेंगरतात. पहाटेच्या दिव्याला ही भीती नाही, तो जातो तेव्हा बाहेर उजाडलेलं असतं. रोज चार तास म्हटलं तरी महिन्याला वीज एक युनिटच्या आसपास.

ज्यांचं घर अंड्यांच्या चार पैशांवर चालतं त्यांना "दहा आठवडे सोडा" सांगणं सोपं आहे. दहा बदकांना रोजचा दीड किलो खुराक त्या दिवसांतही लागतोच.

शिंपला

दोघेही दिव्यावर भांडताय, पण आधी अंडी खरंच थांबली आहेत का ते तपासा. बदक अंडं पहाटे देतं, बहुतेक नऊच्या आत. सहा वाजता दार उघडलं की अंडं जातं तळ्यात, नाहीतर केळीच्या बुंध्याशी, आणि तिथून कावळ्याच्या किंवा मुंगसाच्या तोंडी. चार दिवस नऊपर्यंत कोंडून ठेवा, आत पाणी ठेवा, मग बोला.

दुसरी खूण हाताची. बदक काखेत धरा आणि शेपटीखाली दोन अणकुचीदार हाडं लागतात ती चाचपा. मध्ये दोन-तीन बोटं बसत असतील आणि जागा मऊ, ओलसर असेल तर ते अंड्यावर आहे. एक बोटही बसत नसेल तर खरंच थांबलंय.

थांबलंय आणि पिसंही गळत नाहीत, तर संशय खाण्यावर घ्या. पावसाळ्यात साठवलेला मका आणि शेंगदाण्याची पेंड यांना बुरशी धरते. तिचं विष बदकाला कोंबडीपेक्षा कितीतरी कमी मात्रेत बाधतं, यकृत जातं. वास आला की टाकून द्या. वाळवून परत घालू नका, वाळवल्याने बुरशी दिसेनाशी होते, विष राहतं. ओला भरडा अर्ध्या तासात संपेल एवढाच घाला. प्रथिनासाठी जवळा घालत असाल तर खारा नाही ना ते चाखून बघा. खारवलेली सुकट दोनदा धुऊन घ्या, मीठ बदकाला सोसत नाही.

पागोळी

तूसकोंडा, ताडपत्रीचा मुद्दा मान्य. पण त्यावर उपाय ताडपत्रीच्या जागी वरच्या दोन फुटांत पारदर्शक पत्रा लावणं हा आहे. बल्ब कशाला?

आणि विजेचं काय? दिवा सुरू केला की महिनोन्महिने एकही दिवस चुकवता येत नाही. आपल्याकडे वादळात तार तुटली की दोन-तीन दिवस अंधार. तेवढ्यात अंडी कोसळतात आणि पीसगळ ऐन मधल्या काळात सुरू होते. शिवाय खरेदीच्या उत्साहात लोक चार महिन्यांच्या पिल्लांवरही दिवा लावतात. शरीर भरायच्या आत अंड्यावर आलेली मादी बारीक अंडी देते, आणि कधी अंडं अडकून आतला भाग बाहेर येतो. मग ती बहुधा वाचत नाही.

तूसकोंडा

वीस आठवड्यांच्या आत दिवा नको, यावर दुमत नाही. विजेला पर्याय आहे: आत बॅटरी असलेला एलईडी बल्ब दुकानात मिळतो, लाइन गेली तरी तीन-चार तास चालतो. दोन-तीन दिवस वीज गेली तर मात्र तो रोज बाहेर चार्ज करून आणावा लागतो, ही कटकट खरी आहे. पीसगळ चालू असलेल्या पक्ष्यावर दिवा मारू नये हेही मान्य. नवीन पिसं पुरी फुटली की लावा. तुम्ही तेव्हाही नको म्हणताय, आणि तिथे मला पटत नाही. नोव्हेंबरात पिसं भरलेलं बदक उजेडाविना फेब्रुवारीपर्यंत रेंगाळतं.

खाचरकाठ

कळपात सगळी बदकं एकाच वयाची असतील तर हा वाद दरवर्षी होणार. सगळी एकदम थांबतात म्हणून घर अडतं. पहिल्या वर्षाची मादी बहुधा पहिल्या हिवाळ्यात न थांबता अंडी देते. म्हणून निम्मा कळप दरवर्षी नवा करायचा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आलेली खाकी कॅम्पबेलची पिल्लं वीस-बावीस आठवड्यांनी, म्हणजे जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला अंड्यावर येतात. जुन्या माद्या पिसं टाकत असतात तेव्हा या देत असतात. दिवा लागत नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. तुमच्याकडे तोंडावर लाल गाठी असलेली मस्कोव्ही बदकं असतील तर हा हिशेबच वेगळा. ती लागोपाठ बारा-पंधरा अंडी घालून खुडूक बसतात. तिथे दिव्याचा उपयोग नाही, अंडी उचलत राहणं हाच इलाज. आणि उबवायला ठेवली असतील तर त्यांना ३५ दिवस लागतात, इतर बदकांना २८.

तूसकोंडा

कागदावर छान आहे. पण पिल्लं सरसकट मिळतात, निम्मे नर निघतात. त्यांना चार महिने कोण पोसणार?

खाचरकाठ

चार महिने कशाला? सात-आठ आठवड्यांत आवाज फुटतो. पिल्लू उचला: मादी मोठ्याने क्वॅक करते, नराचा आवाज बसल्यासारखा घोगरा येतो. नराच्या शेपटीवर वर वळलेलं पीस यायला आणखी काही आठवडे लागतात, तोवर थांबू नका. खायची अंडी हवी असतील तर नराची गरजच नाही. उबवणीसाठी सहा-सात माद्यांमागे एक ठेवा, बाकीचे दहा आठवड्यांच्या आसपास विकून टाका.

मार्चची पिल्लं सोपीही जातात. पहिल्या आठवड्यात ३२ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. कोकणातल्या मार्च-एप्रिलात दिवसा बल्बही बंद ठेवता येतो. पाण्याचं भांडं चोच बुडेल एवढंच खोल ठेवा, आईविना वाढणाऱ्या पिल्लांना तीन-चार आठवडे पोहू देऊ नका, त्यांची पिसं भिजून ती गारठतात. कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य देत असाल तर किलोमागे थोडं यीस्ट मिसळा. त्या खाद्यात बदकाला पुरेल इतकं नायसिन (एक ब-जीवनसत्त्व) नसतं आणि पाय वाकतात. आठव्या आठवड्यानंतर बदक-प्लेग या विषाणूच्या रोगाची लस टोचून घ्या, म्हणजे पावसाचं साचलेलं पाणी येण्याआधी ते काम उरकतं.