मदत हवी आहे: क्रॅशवाला ट्रक (टीएमए) भाड्याने कुठे मिळेल? सातारा-कराड, अर्जंट

पट्टेवाला (सोमवार, रात्री ११:४२)

मंडळी, गुरुवारपासून रात्रीचं काम धरायचंय आणि आज संध्याकाळी साइटवरून पत्र आलं. मागे टीएमए लावलेला ट्रक असल्याशिवाय लेन बंद करायची परवानगी नाही म्हणे. सातारा, कराड, कोल्हापूर, सगळीकडे विचारून झालं. एक क्रेनवाला म्हणाला, "असलं काय आमच्याकडं नसतंय, रिकव्हरी व्हॅन पाठवू का?" पुण्यातल्या एकाने फोनवर विचारलं, किती स्पीडला टेस्ट झालेला पाहिजे? मी म्हटलं दादा, ट्रक पाहिजे, टेस्ट नको. त्याने फोनच ठेवला.

कुठे मिळेल आणि भाडं कसं लावतात, एवढंच सांगा. लेक्चर नको.

कृष्णाकाठ (११:५८)

टीएमए म्हणजे काय? आणि रस्ता कुठला? आजकाल विट्याकडे जाणाऱ्यालाही हायवेच म्हणतात.

घाटमाथा (मंगळवार, ००:१०)

ट्रक माउंटेड अटेन्युएटर. ट्रकच्या मागे भलीमोठी पेटी असते. जाताना उभी दुमडलेली, कामावर आडवी पाडतात. आत ॲल्युमिनियमची मधाच्या पोळ्यासारखी जाळी किंवा लोखंडी सांगाडा. मागून कोणी धडकलं की पेटी चेमटत जाते आणि धक्का ती खाते. मी यूट्यूबवरच पाहिलाय, आपल्याकडे प्रत्यक्ष कधी दिसला नाही.

गॅरेज_मिरज (०७:१५)

क्रॅश गार्ड अजिबात लावू नका. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितलंय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लागतं. शिवाय पुढे गार्ड असला की एअरबॅगच्या सेन्सरला धक्का नीट कळत नाही. आमच्याकडे काढून मिळेल.

पट्टेवाला (०७:३१)

@गॅरेज_मिरज साहेब, बोलेरोच्या पुढचा नाही हो, ट्रकच्या मागचा. धागा वाचा की जरा.

@कृष्णाकाठ रस्ता पुणे-बेंगळुरू, आनेवाडी ते तासवडे टोलनाक्याच्या दरम्यान. काम थर्मोचं, म्हणजे गरम वितळवलेल्या मालाने रस्त्यावर पट्टे मारायचं.

दोहा_रिटर्न (०८:०५)

कतारमध्ये सहा वर्षं रस्त्याच्या साइटवर सेफ्टी बघितली. तिथे टीएमएशिवाय रात्री कोन सुद्धा उतरवू देत नसत. मदत करतो, पण तुम्ही काहीच सांगितलेलं नाही. काम एका जागेवर आहे की सरकत जाणार? किती रात्री? डावी लेन की डिव्हायडरकडची? तुमच्या गाड्या किती आणि कोणत्या क्रमाने चालतात? ट्रकचं भाडं तुम्ही भरणार की मेन ठेकेदार? पुण्यातल्या माणसाने विचारलं ते बरोबरच होतं. ७० च्या स्पीडला पास झालेली पेटी वेगळी आणि १०० ची वेगळी. तुमच्या रस्त्याला १०० चीच लागेल.

पट्टेवाला (०८:२०)

काय राव, पट्टे एका जागी उभं राहून मारतात का? सरकतच असणार. १२ रात्री. लेन दोन्ही, आधी डिव्हायडरकडची. भाडं कोण भरणार तेच तर भांडण आहे. मेन ठेकेदार म्हणतो तुमच्या रेटमध्ये धरलंय, मी म्हणतो ऑर्डरमध्ये तो शब्दसुद्धा नाही.

टिपरशेठ (०९:०२)

एवढं कशाला? जुना दहाचाकी टिपर घ्या, काठोकाठ वाळू भरा, मागे दोन पिवळे दिवे लावा आणि उभा करा. वीस वर्षं हेच करतोय. उंब्रजजवळ एकदा ट्रक येऊन बसला मागे, टिपर दोन हात पुढे सरकला, पोरांना ओरखडा नाही. हवा तर माझा टिपर आहे, भाडं बोलून घेऊ.

दोहा_रिटर्न (०९:२५)

शेठ, तुमची पोरं वाचली, मान्य. मागच्या ट्रकचा ड्रायव्हर?

हिशोब बघा. ८० च्या स्पीडची गाडी म्हणजे सेकंदाला २२ मीटर. वाळूच्या टिपरवर आदळली तर थांबायला फक्त तिचं स्वतःचं बॉनेट, दोन फूट. म्हणजे सरासरी ४० जीच्या वर, म्हणजे अंगावर स्वतःच्या वजनाच्या चाळीसपट धक्का. तीच गाडी चार मीटर चेमटणाऱ्या पेटीवर आदळली तर साधारण ६ जी. पहिल्यात पंचनामा, दुसऱ्यात सीटबेल्ट लावलेला असेल तर माणूस दार उघडून बाहेर येऊन तुम्हालाच शिव्या देतो.

टिपरशेठ (०९:४०)

दारू पिऊन येणाऱ्याचं मी बघू का माझ्या पोरांचं? तुमच्या कतारात उसाच्या ट्रॉल्या नसतात.

घाटमाथा (०९:४८)

मधला मार्ग काढा ना. टिपरच्या मागे जुने टायर बांधायचे, पाच-सहा थर.

दोहा_रिटर्न (१०:०१)

टायर धक्का खात नाही, परत ढकलतो. गाडी उसळून शेजारच्या लेनमध्ये जाईल. पेटीचा गुण हाच की ती चेमटते आणि चेमटलेलीच राहते. ड्रम, टायर, फोमच्या गाद्या वेल्डिंग करून लावू नका. पत्र लिहिणारा इंजिनिअर टेस्टचा कागद मागणार, तो तुमच्याकडे नसणार.

ऊसकरी (१०:३०)

ट्रॉल्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सगळे आम्हालाच नावं ठेवतात. कारखाना सुरू असताना रात्री दोन ट्रॉल्यांचं जुगाड पंधरा-वीसच्या स्पीडने जाणार, त्याला ब्रेक मारून लेन बदलायला जागा लागते. तुम्ही लोक पहिला बोर्ड लावता कोनच्या जेमतेम शंभर मीटर आधी. मागच्या वर्षी माझ्या दुसऱ्या ट्रॉलीखाली असले तीन कोन आले, एक तर एक्सलमध्ये अडकून कारखान्याच्या काट्यापर्यंत गेला. काट्यावरचा म्हणतो, याचं वजन वजा करू का?

कृष्णाकाठ (१०:३४)

ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर किती लावता ते पण सांगा दादा. 🙂

ऊसकरी (१०:४१)

कारखाना पट्टी लावतोय. उसाची वाढं त्याच्यावर लोंबतात त्याला मी काय करू.

निवृत्त_उपअभियंता (११:१५)

येथे कोणीही मूळ कागद उघडलेला दिसत नाही. आयआरसी एसपी ५५, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसची रस्त्यावरच्या कामाच्या जागी वाहतूक कशी हाताळायची याची मार्गदर्शिका, २०१४ ची आवृत्ती. कामाच्या जागेचे भाग पाडलेले आहेत: आगाऊ सूचना, लेन निमुळती होत जाण्याचा भाग, प्रत्यक्ष काम आणि शेवटी रहदारी पूर्ववत होण्याचा भाग. ट्रक हा यातला एक घटक. निमुळता भाग तोकडा ठेवलात तर ट्रक कितीही भारी आणा, लोक त्यावरच येऊन आदळतील. धागाकर्त्यांनी ट्रकच्या आधी वाहतूक व्यवस्थापनाचा आराखडा दाखवावा.

आमच्या उमेदीच्या काळात चुना मारलेले दगड आणि लाल फडकं एवढीच सामग्री होती. काम संपलं की फडकं घरी, दगड रस्त्यावर. त्या दगडांनीच किती जण पडले असतील. त्यामुळे कोणी असं पत्र दिलं तर मला त्याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं.

पट्टेवाला (११:३२)

सर, आराखडा दिलाय, मंजूर आहे. अडलंय फक्त ट्रकवर. माझी माणसं आजच येऊन पडलीत, खाडा भरतोय मी.

दोहा_रिटर्न (११:४०)

गाड्यांचा क्रम अजून सांगितला नाहीत.

पट्टेवाला (१२:०५)

सांगतो. सगळ्यात पुढे दोरी मारून खुणा करणारी दोन पोरं. त्यांच्या मागे पट्टा मारायचं हातगाडी मशीन, एक जण ढकलतो, एक जण बीड्सचं (पट्टा चमकायला वर टाकायचे काचेचे मणी) बघतो. त्याच्या मागे ४०७ (छोटा ट्रक), तिच्यावर प्रीहीटर, म्हणजे थर्मोची पावडर वितळवायची कढई. तिथून बादलीने माल मशीनमध्ये. सगळ्यात मागे फ्लॅगमन. झालं समाधान?

दोहा_रिटर्न (१२:०९)

थांबा. कढई कशावर तापवता?

पट्टेवाला (१२:१४)

गॅसवर. चार सिलिंडर असतात, ४०७ च्या मागच्या फाळक्याला साखळीने बांधलेले. सगळेच असं करतात.

दोहा_रिटर्न (१२:२६)

म्हणजे मागून येणारी गाडी आधी फ्लॅगमनला, मग सिलिंडरला आणि मग १८०-२०० डिग्रीच्या उकळत्या मालाला धडकणार. हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतंत. आता कळलं पत्र का आलं. तुमच्या परवानगीवर सही करायची माझी पाळी असती तर मीही केली नसती.

ट्रक मिळो न मिळो, हे आजच करा: सिलिंडर फाळक्यावरून काढून केबिनच्या मागे घ्या. फ्लॅगमनला रहदारीसमोर, लेनच्या आत उभा करू नका, शोल्डरच्या (लेनबाहेरच्या कडेच्या पट्टीच्या) बाहेर ठेवा. रात्री त्याच्या हातात झेंडा नाही, दिवा द्या.

टिपरशेठ (१२:३३)

सिलिंडर मागे?? लगा, हे मला पण माहीत नव्हतं. मग माझा टिपर नको.

घाटमाथा (१२:५०)

+१. एक शंका. टीएमए ट्रक आणि ४०७ यांच्यात अंतर किती? चिकटून चालला तर तोच पुढे ढकलला जाऊन ४०७ ला ठोकेल ना?

दोहा_रिटर्न (१३:२०)

या धाग्यातला पहिला कामाचा प्रश्न. धडक बसली की पेटी चेमटते आणि ट्रकही पुढे सरकतो. उभ्या कामाला आम्ही ४०-५० मीटर मोकळे सोडायचो, चाकं सरळ, गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि केबिनमध्ये कोणी नाही. सरकत्या कामाला अंतर याहून जास्त, कारण ट्रकला स्वतःचाही वेग असतो. पण फार सोडलंत तर आपले कारवाले मधल्या मोकळ्या जागेत घुसतात. तिथे माणूस, बादली, दुचाकी, काहीही नको. चहासुद्धा तिथे प्यायचा नाही, आणि पोरं नेमकी तिथेच बसतात, ट्रकच्या आडोशाला.

आणखी एक, कोणी सांगत नाही म्हणून. या पेट्यांची नेहमीची टेस्ट १.१ टनाची कार आणि २.२७ टनाचा पिकअप, ताशी १००. आपल्या हायवेवर झोप लागलेला ४० टनी ट्रेलर ६० ने आला तरी त्याचा धक्का त्या पिकअपच्या सहापट होतो. त्याला ही पेटी थांबवणार नाही. म्हणून आगाऊ बोर्ड, लांब निमुळता भाग आणि ट्रकवरचा बाणाचा बोर्ड, यांनी त्याला आधीच जागं करायचं.

पट्टेवाला (१३:४५)

बरं, पटलं. सिलिंडर हलवतो. पण ट्रक?? भाडं??

दोहा_रिटर्न (१४:१०)

भारतात कोण देतं त्याची यादी माझ्याकडे नाही. पण मोठ्या शहरांकडच्या रोड सेफ्टीवाल्यांना विचाराल तेव्हा 'ट्रक आहे का' असं विचारू नका. टेस्टचा कागद कुठल्या स्पीडचा आणि त्यात खालच्या ट्रकचं वजन किती धरलंय ते विचारा. पेटी भारी आणि ट्रक हलका, असं चालत नाही. बाणाचा बोर्ड सोबत आहे का? ड्रायव्हर त्यांचा की तुमचा? सरकत्या कामात ड्रायव्हर आत बसणारच, त्याला डोक्यामागे नीट आधार आणि सीटबेल्ट हवा. आणायचा-न्यायचा खर्च वेगळा का? पाऊस आला, काम बंद राहिलं, तर त्या रात्रीचं भाडं?

आणि सगळ्यात महत्त्वाचं: पेटी ठोकली गेली तर पैसे कोणाचे. एका धडकेत ती भंगार होते, नवीनच घालावी लागते. आमच्या एका कामावर करारात बारीक अक्षरात 'भाडेकरूच्या खर्चाने' लिहिलं होतं. तिसऱ्याच रात्री ठोकली. महिन्याच्या भाड्यापेक्षा पेटीच महाग पडली.

निवृत्त_उपअभियंता (१४:४०)

पुरवणी. पेटी ट्रकवर कायमची बसवलेली असेल तर नोंदणी पुस्तकात बदलाची नोंद आहे का पाहावे. गॅरेजवाल्यांनी कलम ५२ चुकीच्या गाडीला लावले, पण कलम बरोबर आहे. आणि भाड्याच्या वादाबाबत: ऑर्डरमध्ये बाब नसेल तर पत्राला लेखी उत्तर द्या, जादा बाब म्हणून दर मागा. फोनवर भांडू नका, फोनला आवक-जावक क्रमांक नसतो.

गॅरेज_मिरज (१५:०५)

धन्यवाद सर. 🙏

पट्टेवाला (बुधवार, २१:१७)

अपडेट. पत्र घेऊन साइट ऑफिसला गेलो. इंजिनिअरने माझी ४०७ बघितली, सिलिंडर बघितले, पाच मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, डिव्हायडरकडची लेन टीएमएशिवाय नाहीच. डावीकडच्या कडेची रेघ मात्र शोल्डर बंद करून, पाण्याचे बॅरिअर लावून, थोड्या थोड्या टप्प्यात मारू देतो. म्हणजे पाच रात्रींचं काम निघालं. उद्यापासून तेच धरतोय, खाडा वाचला.

ट्रक पुण्याकडून मिळतोय, पण पुढच्या आठवड्यात. ज्याने फोन ठेवला होता त्यालाच परत लावला. या वेळी त्याने विचारायच्या आधी मीच सांगितलं, १०० चा. तो हसला. पेटी ठोकली तर निम्मे-निम्मे, इथपर्यंत आणलाय, अजून घासतोय. मेन ठेकेदाराला जादा बाबीचं पत्र दिलं, पोच घेतली.

सिलिंडर केबिनमागे बांधताना पोरं कुरकुरत होती, नळी पुरत नाही म्हणून. नवीन नळी आणली.

ऊसकरी (२१:३०)

बोर्ड किती आधी लावणार?

पट्टेवाला (२१:३४)

एक किलोमीटर, मग पाचशेवर, मग दोनशेवर. तुम्ही रात्री किती वाजता निघता?

ऊसकरी (२१:३६)

गाडी भरली की. टायमाचं सांगता येत नाय.

शिरवळ_साइट (२३:५०)

मलाही असा ट्रक भाड्याने हवा आहे. नंबर व्यनि करा.