‘ऑब्जेक्ट फाइल’ म्हणजे ‘वस्तू फाइल’ का?

मांजराकाठ
लातूरला डिप्लोमाच्या मुलांना मायक्रोप्रोसेसर शिकवते. बहुतेक लेकरं औसा, निलंगा, अहमदपूरकडची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. त्यांच्यासाठी प्रयोगवहीच्या जोडीला एक मराठी टिपण करतेय. विषय साधा: असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना अक्षरांत लिहायच्या भाषेत, लिहिलेला प्रोग्रॅम लिनक्सच्या टर्मिनलवर असेंबलरला द्यायचा, तो त्याचे यंत्राचे आकडे करतो. ती ऑब्जेक्ट फाइल काढायची, मग ती सगळे भाग जोडणाऱ्या लिंकरला द्यायची. कमांड एवढीच:

एएस -ओ बेरीज.ओ बेरीज.एस

एका सहकाऱ्यानं मसुद्याचं मशीनकडून भाषांतर करून आणलं. त्यात ‘विधानसभा भाषा’ आलंय आणि ‘वस्तू फाइल’ आलंय. विधानसभा मी लगेच खोडली. ‘वस्तू’ खोडल्यावर तिथं काय लिहू? सहकारी म्हणतात, ऑब्जेक्ट म्हणजे वस्तूच, वाद कशाला. पण एखाद्या पोरीनं ‘कोणती वस्तू, मॅडम?’ असं विचारलं तर मी काय सांगायचं?

नांदेडचा
‘वस्तू’ नक्कीच नाही. जुन्या मॅन्युअलांत सोर्स प्रोग्रॅम आणि ऑब्जेक्ट प्रोग्रॅम ही जोडी कायम शेजारी शेजारी येते. सोर्स म्हणजे जिथून निघायचं ते, ऑब्जेक्ट म्हणजे जिथं पोचायचं ते. भाषांतराचा हेतू, उद्दिष्ट. आता त्याच जागी टार्गेट म्हणतात. पुढं ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग आलं, तोच शब्द वेगळ्याच अर्थानं सगळीकडं झाला आणि पोरांच्या डोक्यात दोन्ही एक झाले. मॅडम, मी ‘लक्ष्यसंचिका’ सुचवतो.

दुधनापल्याड
सर, अर्थ तुमचा बरोबर असंल, पण लक्ष्यसंचिका म्हणणार कोण? आम्ही परभणीला शिकलो तेव्हा आधी ८०८५ या प्रोसेसरचं किट होतं. त्याला असेंबलरच नव्हता. पुस्तकामागच्या तक्त्यात बघून एमव्हीआय ए या सूचनेला ३ई, एचएलटी ला ७६ असं वहीत हातानं काढायचं आणि की-पॅडवर दाबत बसायचं. पुढच्या वर्षी कॉम्प्युटरवर ८०८६ आलं. टॅझम (असेंबलर) मारायचं, मग टीलिंक (लिंकर) मारायचं. बाजूच्या टेबलावरून एकच आवाज यायचा, ‘ओबीजे निघाली का रे?’ ओबीजे म्हणजे हीच ऑब्जेक्ट फाइल. निघाली, म्हणजे निम्मं काम झालं. त्या ‘ओबीजे’चा अर्थ आम्हाला कुणी सांगितला नाही, पण ती काय चीज आहे ते पक्कं कळत होतं. तुम्हीबी ‘ऑब्जेक्ट फाइल’च ठेवा, मॅडम. पोरांना उद्या नोकरीत तोच शब्द लागणार.

खामकाठ
नोकरीत लागतो म्हणून शब्दच करायचा नाही, हे मला मान्य नाही. दिनांक आणि महापौर हे शब्द आले तेव्हा त्यांनाही लोक हसलेच असतील. आज तारीखवार लिहिणाऱ्या कारकुनाला दिनांक अवघड वाटत नाही. कंपायलरला, म्हणजे सीसारख्या भाषेतून यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रॅमला, ‘संकलक’ रुळू पाहतोय. हिंदीत असेंबलरला ‘कोडांतरक’ केलेला आहे. तो मला आवडत नाही, कारण निम्मा इंग्रजी आणि निम्मा संस्कृत आहे, पण त्यांनी प्रयत्न तरी केला. आपण ‘कळतंय ना’ म्हणून थांबतो.

आणखी एक. ‘टॅझम मारायचं’ ही काय भाषा झाली? आज्ञा देतात. मारत नाहीत.

मांजराकाठ
‘संकलक’ म्हटलं की माझ्या मुलींना सिनेमाचा संकलक आठवतो, खामकाठ सर. तरी तो राहू द्या, माझ्या टिपणात कंपायलर येतच नाही. प्रश्न असेंबलर आणि त्याच्या ऑब्जेक्टचा आहे.

खिळे आणि फर्मा
अंबाजोगाईला आमचा छापखाना होता. वडिलांच्या हाताखाली मी खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायला शिकलो, नंतर ऑफसेट आलं आणि खिळ्यांच्या केसी भंगारात गेल्या. मी कॉम्प्युटरवाला नाही, पण माझी मुलगी आहे, आणि तिनं हे असेंबलर प्रकरण मला समजावून सांगितल्यापासून माझ्या मनात एकच शब्द आहे: जुळारी.

खिळे जुळवणाऱ्याला मराठीत जुळारी म्हणतात. पुस्तकाच्या पहिल्या पानांत ‘अक्षरजुळणी’ असं छापलेलं तुम्ही सगळ्यांनी वाचलंय, तीच जुळणी. लेखकाचं हस्तलिखित समोर, डाव्या हातात स्टिक. एकेक अक्षर वाचायचं आणि केसीतल्या ठरलेल्या खणातून त्याचा खिळा उचलायचा. जुळारी वाक्य बदलत नाही, सुधारत नाही. लिहिलंय त्याला ठरलेला धातू, एवढंच. मुलगी म्हणते असेंबलरही असाच: समोर एडीडी दिसलं की त्याचा ठरलेला आकडा, आणि कंपायलरसारखी स्वतःची अक्कल तो लावत नाही.

पण खरी मजा पुढं आहे. जाड पुस्तकात लेखक लिहितो, ‘पाहा पृष्ठ अमुक’. जुळणीच्या वेळी ते पृष्ठ कुठं पडणार हे कुणालाच माहीत नसतं. मग आम्ही तिथं ‘पृष्ठ ००’ असं जुळवून ठेवायचो आणि बाजूच्या कागदावर नोंद करायचो, की अमक्या गॅलीत, म्हणजे जुळवलेल्या ओळींच्या तबकात, तमक्या ओळीला आकडा भरायचाय. सगळ्या गॅल्या झाल्या, पानं पडली, फर्मा, म्हणजे एकदम छापायच्या पानांचा संच, बांधायची वेळ आली की त्या नोंदी घेऊन बसायचं आणि शून्यं काढून खरे आकडे घालायचे. हे मी मुलीला सांगितलं तर ती चकित झाली. तिनं मला पडद्यावर दाखवलं: दुसऱ्या फाइलमधल्या कामाला हाक मारणारी सूचना असेंबल केली की ई८ आणि त्याच्यापुढं चार बाइट शून्य. आणि फाइलच्या दुसऱ्या भागात नोंद, की या जागी खरा पत्ता भरा.

म्हणून माझं म्हणणं: असेंबलर म्हणजे जुळारी, ऑब्जेक्ट फाइल म्हणजे गॅली, लिंकर म्हणजे फर्मा बांधणारा. वस्तूही नको आणि लक्ष्यही नको.

मांजराकाठ
काका, ‘पृष्ठ ००’ मी टिपणात घेतेच, परवानगी द्या. मुलांची नेमकी इथंच गफलत होते. -ओ आणि निघणाऱ्या फाइलचं नाव लिहायला विसरतात, मग असेंबलर ‘ए.आउट’ नावाची फाइल काढतो. सी भाषा शिकताना हेच नाव तयार प्रोग्रॅमचं असतं, म्हणून ती थेट चालवायला जातात आणि ‘परमिशन डिनाइड’ येतं. मग हुशार पोरगा चालवायची परवानगी देतो, तरी चालत नाही. ही अजून गॅली आहे, पानं पडायचीत, हे सांगितलं तर चटकन कळेल. ‘ए.आउट’ हे नावसुद्धा मुळात असेंबलर आउटपुटचंच आहे.

पण शब्द म्हणून ‘गॅली’ही इंग्रजीच की.

नांदेडचा
काकांचं उदाहरण उत्तम आहे, पण त्यावरून शब्द ठरवू नये. असेंबलर ओळीला एक आकडा देऊन थांबत नाही. पुढं येणाऱ्या लेबलचा, म्हणजे ओळीला दिलेल्या नावाचा, पत्ता मिळवायला काही असेंबलर मजकूर दोनदा वाचतात, शिवाय असेंबलर मॅक्रो उलगडतो, विभाग पाडतो. जुळाऱ्यात हे नाही.

दुसरं म्हणजे जुळणी हा अर्थ असेंबलरचा मूळचा, पण आजच्या असेंबलरचा नव्हे! केंब्रिजच्या एडसॅक या सुरुवातीच्या संगणकावर १९४९ पासून पाच भोकांच्या कागदी फितीवर प्रोग्रॅम लिहीत, बेरजेला ए, वजाबाकीला एस अशी अक्षरं. ती अक्षरं यंत्राच्या आकड्यांत बदलायचं काम व्हीलर यांनी लिहिलेल्या प्रारंभिक आज्ञा करत. विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनी १९५१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं, त्यात असेंबलर म्हणजे वेगवेगळे भाग जोडून एक प्रोग्रॅम करणारा. म्हणजे आज ज्याला लिंकर म्हणतो तो. मग काका, मुळाला धरायचं तर जुळारी तुमच्या फर्मा बांधणाऱ्याला म्हणावं लागेल.

दुधनापल्याड
आता बघा, इंग्रजीतच शब्दानं घर बदललं आणि त्यांचं काही अडलं नाही. आपणच मुळाला धरून का बसायचं? आणि सर, ऑब्जेक्टच्या वेळी तुम्हीच मूळ अर्थ काढून लक्ष्य म्हणलात. तिथं मूळ चालतं, इथं चालत नाही?

नांदेडचा
तिथं मूळ अर्थ अजून जिवंत आहे. इथं नाही. फरक तेवढाच.

तेरणाकाठ
एका शब्दाबद्दल आधीच सांगून ठेवते, कारण कुणीतरी तो सुचवणार. ऑब्जेक्ट फाइलबद्दल विचारलं की कॉम्प्युटर ‘रिलोकेटेबल’, म्हणजे जागा बदलता येणारी, असं सांगतो. त्या पत्त्यांच्या नोंदींनाही रिलोकेशन म्हणतात. एका मराठी पुस्तिकेच्या हस्तलिखितात मी त्याला ‘पुनर्वसन नोंद’ केलेलं पाहिलं. कोशात ते बरोबर असेल. आमच्या लातूर-उमरग्याकडं पुनर्वसन म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतरचं. माझ्या वर्गात ज्यांचे आईवडील पुनर्वसित गावात लहानाचे मोठे झाले अशी मुलं बसतात. त्यांच्या घरात तो शब्द रोजच्या बोलण्यातला आहे आणि त्याच्यामागं माणसं गेलेली आहेत. पत्ता भरायच्या नोंदीला तो शब्द देऊ नका. ‘पत्त्याची नोंद’ पुरे.

मांजराकाठ
पटलं ताई. ‘पत्त्याची नोंद’ लिहिलं.

खामकाठ
हे मलाही पटलं. पण यातून हेच दिसतं की शब्द विचार करून घडवावे लागतात. उचलून चालत नाही.

कचेरीचा नातू
माझे आजोबा निजामाच्या राज्यात शिकले. हैदराबादेत १९१७ ला अनुवादाचं खातं निघालं, दारुल तर्जुमा, आणि पुढच्या वर्षी उस्मानिया विद्यापीठ. तिथं डॉक्टरकी आणि इंजिनिअरिंगसुद्धा उर्दूतून शिकवत, त्यासाठी अरबी-फारसीतून ढीगभर परिभाषा घडवली. विचार करून, विद्वान बसवून. आजोबा त्रिकोणाला शेवटपर्यंत मुसल्लस म्हणायचे. पण १९४८ नंतर विद्यापीठानं माध्यम बदललं, आणि ते शब्द वर्गाबाहेर कुठं टिकले नाहीत. टिकले कोणते? तहसील, मौजे, खासरा. लोकांच्या कामाचे. कचेरीतल्या फाइलला आजोबा मिसल म्हणायचे. आता ‘नस्ती’ लिहितात आणि बोलताना फाईलच म्हणतात.

खामकाठ
उस्मानियाची परिभाषा मेली ती राज्य गेलं म्हणून. शब्द वाईट होते म्हणून नव्हे. आणि मुलांच्या घरी मराठी होती, तेलुगू होती, कन्नड होती. त्यांच्यावर अरबी लादली. मी मराठी मुलांना मराठी देतोय.

कचेरीचा नातू
लक्ष्यसंचिका ही त्यांच्या घरची मराठी आहे का, एवढंच विचारतो.

खिळे आणि फर्मा
जुळारी तर आहे!

दुधनापल्याड
काका, राग मानू नका, पण सेलूच्या छापखान्यात मी लग्नपत्रिका छापायला जायचो तिथं सगळे कंपोझिटरच म्हणायचे. जुळारी मी आज पहिल्यांदा ऐकला.

खिळे आणि फर्मा
आमच्याकडं कामगार एकमेकांना कंपोझिटर म्हणायचे, हे खरं. पण वडील हिशेबाच्या वहीत जुळारी लिहायचे. दोन्ही चालत होतं.

दुधनापल्याड
आणि खामकाठ सर, तुमचं ‘मारणे’ राहिलं. हाक मारतो, शिक्का मारतो, गाठ मारतो, टाका मारतो, उडी मारतो. यातलं कोणतं अशुद्ध? कमांडच मारली की का खटकतं?

खामकाठ
शिक्का मारताना आघात होतो. गाठ मारताना ओढ बसते. एंटर मारणे मी समजू शकतो, तिथं बोट आपटतं. कमांड हे बोलणं आहे. बोलणं दिलं जातं.

कचेरीचा नातू
हाक हेही बोलणंच आहे, सर. गप्पाही मारतात.

खामकाठ
गप्पा मारणे वेगळं. त्यावर सविस्तर लिहीन.

मांजराकाठ
टिपण उद्या छापायला द्यायचंय. ‘असेंबलरला फाइल द्या’ असं लिहिलंय, मारणे वगैरे टाळून. ‘ऑब्जेक्ट फाइल’ तशीच ठेवून खाली एका ओळीत अर्थ दिलाय, नांदेडच्या सरांचाच. लिंकरचं मात्र काकांच्या ‘फर्मा बांधणारा’शिवाय अजून कुणी काही सुचवलं नाही. ‘सांधणारा’ कसं वाटतं? आणि ऑब्जेक्ट फाइल ‘बनते’, ‘तयार होते’ की ‘निघते’?

दुधनापल्याड
निघते. बनते हे हिंदी झालं. कोडमध्ये एक जरी चूक असली तरी हा असेंबलर चुकीची ओळ दाखवतो आणि फाइल देतच नाही. अर्धी नाही, कच्ची नाही. चूक दुरुस्त केली की निघते. विहिरीला पाणी निघतं तसंच म्हणायचं ते.

खामकाठ
पाणी लागतं, मॅडम. निघतं म्हणजे उपसा झाल्यावर.