घरातले जुने फोटो: काचेला चिकटलेले, चिकट अल्बममधले आणि बिनतारखेचे

मेघना_वाई

पत्र्याच्या ट्रंकेतले फोटो स्कॅन करायला घेतले आहेत. सुरुवात करायच्या आधी जाणकारांना विचारते. माल असा आहे:

एक मोठा लग्नातला ग्रूप फोटो, १२ × १५ इंच, पुठ्ठ्यावर चिकटवलेला आणि फ्रेममध्ये. खालचा कोपरा काचेला चिकटलाय. काळे-पांढरे छोटे चौकोनी फोटो, पांढरी किनार, मागे काहीच लिहिलेलं नाही. दोन चिकट अल्बम (वर प्लास्टिकचा पापुद्रा असतो ते), त्यातले रंगीत फोटो लालसर पडलेत. शिवाय एका डब्यात निगेटिव्ह आहेत, डबा उघडला की आंबट वास येतो.

घरात प्रिंटरबरोबर येतो तो साधा स्कॅनर आहे. आधी काय हातात घेऊ, किती डीपीआय (एका इंचात किती ठिपके) ठेवू आणि साल कसं ठरवू?

---

ब्रोमाइड

आधी निगेटिव्ह. आंबट वास म्हणजे फिल्मचा ॲसिटेट बेस (चित्राचा थर जिच्यावर असतो ती प्लास्टिकची पट्टी) कुजतोय. त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं, म्हणजे व्हिनेगरचंच, आणि त्या वाफेने कुजणं आणखी वेग घेतं. शेजारची चांगली फिल्मही बिघडते. तो डबा आजच इतर फोटोंपासून वेगळा करा. पत्र्याच्या किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडू नका, कागदी पाकिटात ठेवा. गुंडाळी कडक झाली असेल तर ओढून सरळ करू नका, तडकते. फिल्मच्या कडेला 'सेफ्टी' हा शब्द इंग्रजीत छापलेला आहे का तेही बघा. १९५०च्या आसपासच्या किंवा त्याआधीच्या फिल्मवर तो नसेल तर ती नायट्रेट असू शकते, आणि ती भयंकर ज्वालाग्राही असते. तशी फिल्म घरात ठेवू नये.

आता काच. चिकटलेला भाग ओढून सोडवायचा नाही, एवढं पाळलंत तरी निम्मं काम झालं. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो. पावसाळ्यात दमट हवेने तो फुगतो, मऊ होतो आणि काचेवर बसतो. वाळला की डिंकासारखा धरतो. ओढलंत की कागद हातात येतो आणि चेहरा काचेवर राहतो. फ्रेम उलटी ठेवून पकडीने मागचे खिळे काढा, पाठीचा पुठ्ठा किंवा प्लायवूड काढा, आणि काच व फोटो एकत्रच बाहेर घ्या. काच बाहेरून किंचित ओलसर फडक्याने पुसा. पाणी फडक्यावर घ्यायचं, काचेवर फवारायचं नाही. कडेने एक थेंब आत गेला की चिकटलेला भाग वाढलाच.

मग तसाच, काचेसकट फोटो काढा. तुमच्या स्कॅनरवर हे जमणार नाही. प्रिंटरमधले स्कॅनर बहुतेक सीआयएस जातीचे असतात, त्यांचा फोकस काचेला टेकलेल्या कागदापुरताच. मध्ये दोन-तीन मिलिमीटरची काच आली की सगळं धूसर. सीसीडी स्कॅनर (एप्सनचा व्ही ६०० वगैरे) काचेपासून थोड्या अंतरावरचंही स्पष्ट टिपतो. नाहीतर कॅमेरा स्टँडवर लावून वरून टिपा: दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत सारखे दिवे, खोलीतले बाकीचे दिवे बंद, आणि कॅमेऱ्याच्या पुढे मधोमध भोक पाडलेला काळा कार्डपेपर, म्हणजे काचेत कॅमेराच दिसणार नाही.

मूळ फोटो काचेसकट आडवा ठेवून द्या आणि भिंतीला नवी प्रिंट लावा. फ्रेमवाल्याला आत माउंट (फोटोभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) घालायला सांगा. फोटो आणि काच यांत दोन-तीन मिलिमीटर हवा राहिली पाहिजे. बरेच फ्रेमवाले विचारल्याशिवाय माउंट घालत नाहीत, आणि तुमचा कोपरा चिकटला तो बहुधा त्यामुळेच.

---

सदूभाऊ

कोमट पाण्यात बुडवून ठेवला की सुटतो. स्टुडिओवाले पूर्वी तसंच करायचे. फोटो मुळात पाण्यातच धुतलेला असतो.

---

ब्रोमाइड

सदूभाऊ, धुतला तेव्हा तो नवा होता. साठ वर्षांनी जिलेटिनला बुरशी लागलेली असेल तर ते पाण्यात विरघळून निघतं. त्यातून हा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे. पुठ्ठा फुगून थर सुटतील. आणि जुन्या लग्नाच्या फोटोत ओठ, शालू, दागिने हाताने रंगवलेले असायचे. तो रंग पाण्यात सरळ वाहून जातो. सुटी, न रंगवलेली, न लिहिलेली साधी प्रिंट असेल आणि तिचं चांगलं स्कॅन आधीच झालेलं असेल तरच हा प्रयोग, तोही थंड पाण्यात. इंकजेट प्रिंट तर कधीच नाही.

---

जुनाबाजार

साल ठरवण्याबद्दल. फोटोची पाठ सांगते ती प्रिंट कधी निघाली ते, आणि समोरची बाजू सांगते फोटो कधी काढला ते. आजोबांच्या १९३५च्या फोटोची १९८०मध्ये काढलेली कॉपी घरोघरी असते. दोन्हीचा हिशोब वेगळा ठेवा.

पाठीवर स्टुडिओचा शिक्का असेल तर पत्ता वाचा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला, त्यामुळे पिन असेल तर प्रिंट त्यानंतरची. उलट मात्र धरू नका: 'पुणे ३०' असं लोक आजही लिहितात, आणि स्टुडिओवाला एक रबरी शिक्का झिजेपर्यंत वापरतो. किंमत आण्यांत लिहिली असेल तर साधारण १ एप्रिल १९५७च्या आधीची किंवा लगेच नंतरची. दशमान नाणी त्या दिवशी आली, पण आणे तोंडातून जायला वेळ लागला.

तुमचे छोटे चौकोनी फोटो मोजा. चित्र साडेपाच-सहा सेंटिमीटरचं असेल तर ते १२० फिल्मचे कॉन्टॅक्ट प्रिंट, म्हणजे निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेले. एका रोलमध्ये बारा फोटो. साठ-सत्तरच्या दशकात आपल्याकडे अग्फा क्लिक थ्री घरोघरी होता, त्यातून असेच चौकोनी निघायचे. कडा पोस्टाच्या तिकिटासारखी नागमोडी कापलेली असेल तर चाळीस ते साठच्या दशकांतली शक्यता जास्त. कागद हाताला प्लास्टिकसारखा गुळगुळीत लागत असेल तर तो आरसी (प्लास्टिकचा थर दिलेला) कागद, सत्तरच्या दशकापासूनचा.

समोरच्या बाजूसाठी भिंग घ्या आणि माणसं सोडून मागची भिंत बघा. कालनिर्णय टांगलेलं असेल तर १९७३ किंवा त्यानंतर. टीव्ही दिसत असेल तर मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, रंगीत प्रक्षेपण १९८२पासून. एचएमटीचं घड्याळ १९६१च्या आधी नाही. वाहनाच्या पाटीवर 'एमएच' आणि मग आकडे असतील तर १९८९ किंवा पुढे.

भिंतीवर कॅलेंडर असेल आणि एक तारीख व तिचा वार वाचता आला तर फारच उत्तम. समजा २६ जानेवारी गुरुवारी आहे आणि फेब्रुवारी २८चा आहे. १९५० ते १९९० मध्ये अशी वर्षं पाचच: १९५०, १९६१, १९६७, १९७८, १९८९. त्यातलं कुठलं ते मुलांच्या वयावरून लगेच कळतं.

कपड्यांवरून ठरवताना फोटोतल्या सगळ्यात तरुण मोठ्या माणसाकडे बघा. आजी १९८५मध्येही नऊवारीच नेसलेली असणार आणि आजोबांची काळी टोपीही तीच. वीस-बावीस वर्षांच्या पोराचे कल्ले, कॉलर आणि बेलबॉटम काळ सांगतात. मुंडावळ्या, शालू, उपरणं यांवरून काहीही ठरत नाही.

रंगीत फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख उमटली असेल तर तीही डोळे झाकून घेऊ नका. सेल बदलला की कॅमेऱ्यातलं घड्याळ परत पहिल्या तारखेवर जायचं आणि ते कोणी लावायचं नाही.

---

पिक्सेलपाटील

आकड्यांचं बोलतो.

छोट्या कॉन्टॅक्ट प्रिंटला १२०० डीपीआय, पोस्टकार्ड साइझला ६००, ८ × १० आणि वरच्याला ३०० ते ४००. ३.५ × ५.५ इंचांचा फोटो ६००ला स्कॅन केला तर २१०० × ३३०० पिक्सेल, बिनदाबाची टिफ (तपशील न गमावता साठवणारी) फाइल साधारण २१ एमबी. त्याच फोटोला २४०० लावलंत तर फाइल सोळापट आणि त्यात जास्तीचा दिसतो तो कागदाचा पोत. काळे-पांढरे फोटोही रंगीत मोडमध्येच घ्या. डाग पिवळा आहे की करडा यावरून पुढे तो काढणं सोपं जातं. सॉफ्टवेअरमधलं शार्पन, ऑटो रंग, धूळ काढणं, सगळं बंद. मूळ टिफला हात लावायचा नाही, दुरुस्ती तिच्या कॉपीवर.

१२ × १५चा फोटो ए-फोर काचेवर मावणार नाही. काचेला चिकटलेला नसता तर एक तृतीयांश भाग सामाईक ठेवून तुकड्यांत स्कॅन करून जोडता आला असता. इथे कॅमेराच.

जुन्या फोटोत काळ्या भागावर निळसर-रुपेरी झाक दिसेल, केसांत, काळ्या कोटावर, कडेला. ती फोटोच्या थरातली चांदी वर आलेली असते. घासून काढू नका, खालचं चित्रही जाईल. स्कॅनरमध्ये ती चमकत असेल तर फोटो ९० अंश फिरवून पुन्हा घ्या.

लाल पडलेले फोटो: त्या काळच्या कागदातला निळसर (सायन) रंग अंधारातसुद्धा उडतो, म्हणून लाल उरतो. ४८ बिट रंगात स्कॅन करा. मग गिम्पमध्ये (फोटो दुरुस्तीचं सॉफ्टवेअर) लेव्हल्स उघडून लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनल वेगवेगळे घ्या आणि प्रत्येकाची दोन्ही टोकं आलेख जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो तिथे आणून ठेवा. ऐंशी टक्के काम एवढ्यात होतं. पांढऱ्याचा अंदाज कोणाच्या धोतरावरून घ्या, फोटोच्या किनारीवरून नको, ती स्वतःच पिवळी पडलेली असते.

चिकट अल्बम: फोटो काढायच्या आधी अख्खं पान एकदा स्कॅन करा, क्रम हाही पुरावा आहे. मग प्लास्टिक सोलून काढा आणि मेण नसलेला डेंटल फ्लॉस कोपऱ्यातून खाली घालून करवतीसारखा हळूहळू ओढा. वाकवायचं ते पान, फोटो सपाट राहिला पाहिजे. सुटत नसेल तर पान झिपच्या पिशवीत घालून थोडा वेळ फ्रीझरमध्ये ठेवा, गोंद ठिसूळ होतो. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर फोटोवर दव धरेल. तरीही नाही सुटला तर फोटोभोवती पान कापून घ्या आणि तसाच ठेवा.

---

मेघना_वाई

खूप आभार. निगेटिव्ह वेगळे काढले, कडेला 'सेफ्टी' आहे. ते माझ्या स्कॅनरवर होतील का?

---

पिक्सेलपाटील

नाही, निगेटिव्हला मागून उजेड लागतो. ट्रेसिंगचा एलईडी पॅड घ्या. निगेटिव्ह पॅडला टेकवू नका, दोन-तीन सेंटिमीटर वर धरा, नाहीतर पॅडचे ठिपके उमटतात. बाजूचा उजेड काळ्या कार्डपेपरने झाका, वरून कॅमेऱ्याने टिपा, मग संगणकावर काळ्याचं पांढरं (इन्व्हर्ट) करा. धरताना फक्त कडेला धरा; सुती हातमोजे इथे घाला. कागदी फोटोंना मात्र स्वच्छ कोरडे हातच बरे, मोज्यात पकड सुटते आणि कोपरे दुमडतात.

चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे हवी. चित्र आरशातल्यासारखं डावं-उजवं झालंय का ते कडेच्या अक्षरांवरून कळेल. अक्षरं कापली गेली असतील तर शर्टाचा खिसा बघा: समोर तोंड केलेल्या माणसाचा खिसा फोटोत आपल्या उजव्या हाताला यायला हवा. नऊवारीचा पदरही तसाच, तिच्या डाव्या खांद्यावर.

---

शर्मिला_के

तांत्रिक सगळं आलंय, नावांचं राहिलं. 'नाना, अण्णा, माई' असं लिहून ठेवू नका, प्रत्येक घरात दोन नाना असतात. पूर्ण नाव, आणि बायकांचं माहेरचं नाव-आडनाव वेगळं. लग्नात पहिलं नावही बदलायची पद्धत होती, त्यामुळे लग्नाआधीच्या फोटोतली 'कुसुम' आणि नंतरच्या फोटोतली 'वैशाली' एकच असू शकते. दोन्ही नावं लिहिली नाहीत तर पुढच्या पिढीला त्या दोन बायका वाटतील.

ग्रूप फोटोची ए-फोर प्रिंट काढा, प्रत्येकाच्या छातीवर पेनाने आकडा घाला आणि यादी वेगळी करा. 'उजवीकडून तिसरा' यात बघणाऱ्याची उजवी की त्याची स्वतःची, हा घोळ कायमचा राहतो.

म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका, आठवत नाही. 'हे घर कुठलं?' इथून सुरू करा. मग 'पानशेतच्या आधी की नंतर?' (१२ जुलै १९६१), 'कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ही जन्मली होती का?' (११ डिसेंबर १९६७), 'बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही इथेच होता का?' वाईकडच्या लोकांना कोयनेचा भूकंप पक्का लक्षात असतो. बोलणं फोनवर रेकॉर्ड करा आणि दाखवायला प्रिंटच न्या, मूळ फोटो नको.

मूळ फोटोच्या मागे लिहायचंच असेल तर २बी पेन्सिल, चित्राच्या मागे नाही तर किनारीच्या मागे, आणि फोटो कडक सपाट पृष्ठभागावर ठेवून. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो. आरसी कागदावर पेन्सिल उठत नाही, तिथे पाकिटावर लिहा.

घरच्यांना फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की लहान होतो, आणि मग तोच लहान फोटो फिरत फिरत 'मूळ' होऊन परत येतो. ॲपवर चेहरे 'सुधारून' घेतलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. त्यातले डोळे-दात ॲपने बनवलेले असतात, आजीचे नसतात.

---

ब्रोमाइड

ठेवण्याबद्दल दोन ओळी. ट्रंक माळ्यावर परत नको, तिथे उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात ओल. आतल्या भिंतीजवळचं कपाट बरं, सगळ्यात खालचा खण सोडून. पीव्हीसीच्या पिशव्या, रबरबँड, टाचण्या, सेलोटेप काहीही नको. पॉलिप्रॉपिलीनचे पाउच किंवा ॲसिड-फ्री कागद. डांबराच्या गोळ्याही नकोत. कसर लागू नये म्हणून कपाट कोरडं ठेवा, त्यासाठी नारिंगी रंगाची सिलिका जेल चालते. ती हिरवी पडली की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांना दोन तास, पुन्हा नारिंगी होते. निळी घेऊ नका, तिच्यात कोबाल्ट असतो.